परत द्यायच्या गाडीचा रंग

अगं ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, तसंही आपल्याला इथे अजून थोडा वेळ बसायचंच आहे, आणि मी एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही, तुला माहितीये.

तर, माणसाच्या आयुष्यात गाड्या दोनच प्रकारच्या असतात. एक आपली आणि एक परत द्यायची. आपली गाडी माणूस बिनधास्त वापरतो, कारण तिला ठोकायचा हक्क आपलाच असतो. परत द्यायची गाडी म्हणजे शेजारणीकडून आलेला डबा. आपल्या घरच्या डब्याला पोचा आला तर आपण बघतसुद्धा नाही, पण शेजारणीचा डबा आपण कसा, घासून, पुसून, उन्हात वाळवून, झाकण लागतंय ना ते तीनदा बघून परत देतो. (कधीकधी इतका जपतो की परत द्यायचाच राहतो, पण तो वेगळा विषय.) माझ्या पप्पांचं मोठेपण हे की हा फरक त्यांना कुणी न शिकवता कळला. आणि कळला तो असा कळला की आमच्या घरात दोन वर्षं दुसरं काही कळायला जागाच उरली नाही.

झालं असं, पप्पा ऑफिसच्या खरेदी खात्यात आहेत ना, तिथे एका हुद्द्यावर पोचलं की ऑफिस गाडी देतं. दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी गाडी परत, आणि ती नीट ठेवलेली असली तर दुसरी नवी. नीट म्हणजे मुख्यतः रंग. पप्पांच्या आधीच्या साहेबांनी दारावर ओरखडा असलेली गाडी परत दिली आणि ते आता बसने येतात. (असं पप्पा सांगतात. साहेबांचं म्हणणं, त्यांना बसच आवडते.)

गाडी आली तेव्हा अख्खं घर खाली उतरलं. गडद निळी. इतकी चकचकीत की आईने तिच्या दारात बघून टिकली सरळ केली. गाडी सोडायला आलेला माणूस घाईत होता, त्याला परत न्यायला दुसरा एकजण मोटरसायकल घेऊन उभा होता. पप्पांनी त्याला गंभीरपणे विचारलं, "रंग टिकवायला काय करावं लागेल?"

तो म्हणाला, "काही नाही हो. आठवड्याने साधं पाणी मारा, मऊ फडक्याने पुसा, जमलं तर सावलीत लावा. बास."

"बास?"

"बास. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

आता दुसरा कुणी असता तर त्याने दर आठवड्याला पाणी मारलं असतं आणि विषय संपला असता. पण पप्पांचं तत्त्व आहे, किमान श्रम. ते म्हणतात, दोन वर्षांच्या गाडीसाठी दर आठवड्याला बादली उचलणं म्हणजे भाड्याच्या घरात संगमरवर बसवण्यासारखं आहे. माणसाने असं काहीतरी करावं की पाणी मारायची वेळच येऊ नये. किती साधा विचार आहे बघ! रोगावर औषध घेण्यापेक्षा रोगच होऊ द्यायचा नाही. फक्त इथे रोग म्हणजे धूळ, ऊन, पाऊस, झाडं, पक्षी, मांजर, मुलं, रस्ता आणि गाडीत बसू बघणारे नातेवाईक.

आणि त्या नातेवाइकांत पहिला नंबर आजोबांचा.

आजोबांचं तुला सांगते. आजोबांचा एक जुना दोस्त आहे, त्याला सगळे वजीर म्हणतात, कारण बुद्धिबळात तो सगळं मरू देईल पण वजीर मरू देत नाही. हा वजीर गुडघे दुखायला लागल्यावर लेकीकडे राहायला गेला, शहराबाहेर, तिच्या रोपवाटिकेवर. मुख्य रस्ता सोडून आत खडीचा कच्चा रस्ता आहे, तिथे बस जात नाही. तेव्हापासून हे दोघं फोनवर बुद्धिबळ खेळतात. याने इकडे पट मांडायचा, त्याने तिकडे. आणि गाडी यायच्या थोडं आधी एक भयंकर प्रकार झाला होता. आजोबांनी मारलेला घोडा वजीरने पुढच्या आठवड्यात परत चालवला.

"तो घोडा मेलाय! मी मारलाय तो!" आजोबा फोनवर ओरडत होते.

"कधी मारलास? माझ्या पटावर तर उभा आहे," तिकडून वजीर.

"उभा आहे म्हणजे तू उभा केलास!"

"मग ये आणि बघ!"

हेच ते. ये आणि बघ. आजोबांना फक्त एकदा जायचं होतं, समोर बसायचं होतं, आणि तो घोडा स्वतःच्या हाताने उचलायचा होता. पप्पांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, गाडी आली की पहिली चक्कर वजीरकडे. गाडी आली त्या दिवशी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, पट बगलेत मारून खाली येऊन उभे होते.

पप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आजोबांच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आज नको बाबा. आज ती नवीन आहे."

आणि मग पप्पांचा खरा अभ्यास सुरू झाला. वजीरकडे कधी जाता येईल याचं त्यांनी अत्यंत निःपक्षपातीपणे हवामानाप्रमाणे वर्गीकरण केलं. उन्हाळ्यात जाता येत नाही, कारण ऊन रंग खातं आणि खडीचा रस्ता धूळ उडवतो. पावसाळ्यात जाता येत नाही, कारण चिखल. हिवाळ्यात हवा छान असते, पण दव पडतं, आणि ओल्या गाडीवर धूळ चिकटते, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही एकदम. उरलेले जे काही चांगले दिवस असतात ते सगळे रविवारी येतात आणि रविवारी रस्त्यावर गर्दी असते, गर्दीत ओरखडे. या सगळ्यातून पप्पांना फक्त एकच योग्य वेळ सापडली, आणि ती म्हणजे "बघू".

ऑफिसला ते बसने जायला लागले. हे तुला विचित्र वाटेल, पण तू नीट विचार कर. गाडी ऑफिसला नेली तर रंग खराब होणार. रंग खराब झाला तर पुढची गाडी मिळणार नाही. पुढची गाडी मिळाली नाही तर बसने जावं लागणार. म्हणून, पुढे बसने जायला लागू नये यासाठी पप्पा आत्ता बसने जात होते. यात कुठे चूक काढता येते का बघ. मला दोन वर्षांत सापडली नाही.

ऑफिसात कुणी विचारलं, "कशी आहे गाडी?" तर म्हणायचे, "उत्तम. आवाजसुद्धा येत नाही."

बरं, नुसती उभी ठेवून भागतं का? उभ्या गाडीवर जास्त संकटं येतात. त्यासाठी पप्पांनी घरात खाती वाटून दिली. पाणी आणि फडकी आईकडे. धूळ माझ्याकडे. पक्षी आणि मांजर आजोबांकडे, कारण त्यांची खिडकी बरोबर गाडीवर उघडते. धोरण, देखरेख आणि गॅलरीत उभं राहून "डाव्या बाजूला, डाव्या बाजूला!" असं सांगणं पप्पांकडे. किमान श्रम, बघ. त्यांचं तत्त्व त्यांनी स्वतःपुरतं शंभर टक्के पाळलं.

आजोबा बिचारे स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन खिडकीत बसायचे. कावळा आला की ठणाणा वाजवायचे. ज्या गाडीने त्यांना वजीरकडे न्यायचं होतं तिची राखण तेच करत होते, आणि फार मनापासून करत होते, कारण पप्पांनी त्यांना सांगितलं होतं, "रंग नीट राहिला बाबा, की आपण बिनघोर जाऊ." आजोबा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा लेखी आणि तोंडी, दोन्ही शब्दांवर विश्वास.

ताटाचा परिणाम कावळ्यांवर पहिला आठवडा चांगला झाला. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना वाटायला लागलं की जेवायला बोलावताहेत.

मग पप्पांनी वैज्ञानिक उपाय काढला. पक्षी येतात कशाला? बसायला. बसतात कुठे? जिथे खायला मिळतं तिथे. तर त्यांना दुसरीकडे खायला घालायचं! पार्किंगच्या त्या टोकाला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची पांढरी गाडी असते. तिच्याजवळच्या कठड्यावर पप्पा रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकायला लागले. चार दिवसांत डॉक्टर जिन्यात भेटले.

"अहो, माझ्या गाडीवर अचानक एवढे पक्षी कसे काय यायला लागले?"

पप्पा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हात हलका आहे. त्यांनाही कळतं."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी पप्पांची दाढ फुकट तपासली. (ती किडलेली निघाली, पण तोही वेगळा विषय.)

पण पक्षी शेवटी पक्षीच. ते डॉक्टरांच्या गाडीपाशी पोटभर जेवायचे आणि वामकुक्षीला आमच्या गाडीवरच्या तारेवर येऊन बसायचे. आणि भरल्या पोटी पक्षी काय करतो ते तुला मी सांगायला नको. पप्पांच्या अंदाजानुसार आमच्याकडचं उत्पादन दुपटीने वाढलं. आईच्या अंदाजानुसार चौपट. पण फडकं आईच्या हातात असल्यामुळे मी तिचा आकडा धरते.

मग कव्हर आलं. कव्हर हा माणसाच्या बुद्धीचा केवढा मोठा विजय आहे याची लोकांना कल्पना नाही. पण त्यात एक बारीक अडचण असते. वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतल्या धुळीने रंग घासतो. म्हणून कव्हर घालण्याआधी गाडी धुवावी लागते. धुतली की वाळवावी लागते. वाळेपर्यंत धूळ बसते. म्हणून पुन्हा धुवावी लागते. शेवटी आईच्या जुन्या मऊ साड्या आल्या, साड्या सरकू नयेत म्हणून त्यांच्यावर गोधडी, गोधडी भिजू नये म्हणून कव्हर, कव्हर उडू नये म्हणून दोरी, आणि दोरी काचू नये म्हणून दोरीखाली माझे जुने मोजे. आत्या पहिल्यांदा घरी आली तेव्हा वर येऊन म्हणाली, "वहिनी, तुमचा पलंग खाली का ठेवलाय?"

शिवाय कव्हर मळतं. कव्हर धुवायला अख्खी गच्ची लागते. साड्या धुवाव्या लागतात, गोधडी तर विचारूच नकोस. म्हणजे हिशोब असा झाला की पूर्वी गाडी धुवायला एका माणसाचा अर्धा तास गेला असता, तो पूर्ण वाचला. त्याऐवजी आता फक्त तीन माणसांचा रविवार जात होता.

आई एकदा पिळलेलं कव्हर खांद्यावर टाकून म्हणाली, "अहो, यापेक्षा मी ती गाडी रोज चाटली असती तरी कमी कष्ट पडले असते."

पप्पा म्हणाले, "लाळेने डाग पडतात."

पण गाडी नुसती उभी राहिली की तिची बॅटरी उतरते. मग दर रविवारी दुपारी, धुणं वाळत घालून झालं की, पप्पा दोऱ्या सोडायचे आणि आम्ही सगळे गाडीत बसायचो. चपला बाहेर. काचा बंद. गाडी सुरू. आणि तिथेच. आईला सुरुवातीला राग यायचा, मग ती पर्स घेऊन यायला लागली. मी पुढे बसून गाणी लावायचे. पप्पा दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे असं बघायचे की जणू घाट आलाय. आजोबा मागे, पट मांडीवर घेऊन. एकदा त्यांचा डोळा लागला. जागे झाले, खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "पोचलो?"

पप्पांनी गाडी बंद केली आणि म्हणाले, "आज एवढं पुरे." किल्ली काढताना त्यांनी आरशातून आजोबांकडे दोनदा बघितलं. मला वाटलं आता नेतात. पण त्याच संध्याकाळी ओरखडा सापडला.

ओरखडा! मागच्या दारावर, केसाएवढा. पप्पांनी तो भिंग घेऊन शोधला होता. लगेच चौकशी बसली. मांजराला बोलावता येत नव्हतं म्हणून आम्हाला बोलावलं. आजोबांच्या काठीची, आईच्या बांगड्यांची, माझ्या बॅगच्या चेनची पाहणी झाली. शेवटी असं निघालं की तो पप्पांच्या घड्याळाच्या पट्ट्याचा होता, भिंग धरून वाकताना घासलेला. चौकशी तिथल्या तिथे थांबली आणि निष्कर्ष असा काढला गेला की ओरखडा आधीपासूनच असावा.

तो बुजवायला माझी निळी नेलपॉलिश घेतली. शेवटी रंग तो रंग, असं पप्पा म्हणाले. एक थर दिला तर दिसायला लागला. दुसरा दिला तर चमकायला लागला. तिसऱ्यानंतर दारावर एक छोटी निळी अळी चढत असल्यासारखी दिसायची. आजोबांनी तिच्यासाठीसुद्धा दोनदा ताट वाजवलं.

अशी दोन वर्षं गेली. घोडा तिकडे उभाच. आजोबांनी खेळ पुढे न्यायला साफ नकार दिला होता. वजीर दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "येतोस का हरलास?" आणि आजोबा म्हणायचे, "गाडी तयार होतेय." दोन वर्षं गाडी तयार होत होती, अगं.

मग परत द्यायचा दिवस आला. गाड्या परत घेण्याचं ते आवार शहराबाहेर आहे. म्हणजे आमची गाडी शेवटी बाहेरगावी निघाली! आई म्हणाली, "आम्ही पण येतो. एकदा तरी हलताना बघू." आजोबा नुसते येऊन मागे बसले. इस्त्रीचा शर्ट. पट मांडीवर. सोबत एक कापडी पिशवी.

पप्पा कसे चालवत होते तुला सांगू? एक हातगाडीवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला, मग त्याला दया आली म्हणून त्याने परत येऊन काचेवर वाकून विचारलं, "बंद पडली का? ढकलू?" पप्पा किंचाळले, "हात लावू नका!"

आणि मग तो फाटा आला. सरळ गेलं की आवार. डावीकडे खडीचा रस्ता, लांबवर रोपवाटिकेची हिरवी जाळी दिसत होती. वजीरचं घर! इतकं जवळ. आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं की ते इतकं जवळ आहे.

आजोबा म्हणाले, "इथे सोड मला. मी जातो चालत. तू हो पुढे, तुला उशीर नको."

पप्पांनी गाडी कडेला घेतली. इंजिन सुरू. आई नुसती त्यांच्याकडे बघत होती.

"वळवा की," ती म्हणाली.

"अगं, खडी आहे. टायरने उडते. आज, शेवटच्या दिवशी..."

"दगड लागेल म्हणून वडिलांना चालवणार? पाय बघितलेत का त्यांचे?"

"मी वळवत नाही म्हणालो का? मी फक्त विचार करतोय."

"दोन वर्षं तेच करताय."

पप्पा खाली उतरले. त्या रस्त्याच्या तोंडाशी गेले, वाकले, एक दगड उचलला आणि तळहातावर घेऊन उभे राहिले. मला मागून त्यांची फक्त पाठ दिसत होती. एकीकडे दोन वर्षांचा कोरा रंग, पुढची गाडी, बस, आमचे एवढे रविवार. एकीकडे आजोबा, आणि एक लाकडी घोडा. किती वेळ उभे होते देव जाणे. आजोबा तोवर दार उघडून हळूहळू एक पाय बाहेर काढायला लागले होते, आणि तेसुद्धा, अगं, दार कशाला घासू नये म्हणून हाताने धरून.

तेवढ्यात मागून रोपवाटिकेचाच टेम्पो आला. मागे मातीची पोती आणि कुंड्या. पप्पांनी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून तो अडवला. ड्रायव्हरशी काहीतरी बोलले, परत आले, किल्ली आईच्या हातात दिली, "हिच्याकडे लक्ष ठेव," म्हणाले, आणि आजोबांना सरळ उचललं. उचललं! पटासकट. आणि टेम्पोत चढवून पोत्यांवर बसवलं. स्वतः पण चढले, त्यांना घट्ट धरून बसले. आणि टेम्पो निघाला तो असा निघाला, धुळीचा नुसता ढग. त्या ढगातून आजोबांचा हात तेवढा वर दिसत होता आणि ते ओरडत होते, "जोरात घे! जोरात!"

आम्ही दोघी फाट्यावर गाडीची राखण करत बसलो. आईने पर्समधून फडकं काढलं आणि सवयीने बॉनेट पुसलं.

बऱ्याच वेळाने पप्पा त्याच टेम्पोने परत आले. एकटे. अगं, तू त्यांना ओळखलं नसतंस. भुवयांवर धूळ, कानात पान, शर्ट मातीचा, आणि हसताहेत. मी पप्पांना धुळीत हसताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, बाबा आत गेले, वजीरशी एक शब्द बोलले नाहीत, थेट पटापाशी गेले, घोडा उचलला आणि खिशात घातला. आणि मग दोघं इतके भांडले, इतके भांडले, की वजीरच्या लेकीने बाबांना आठ दिवस तिथेच ठेवून घ्यायचं ठरवलं.

पप्पा गाडीचं दार उघडायला लागले तर आई आडवी आली. "थांबा. आधी सगळं झटका. रंगाला लागेल."

पुढे आवारात गेलो. तिथला तपासणारा माणूस टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला. एकदा फिरला, दोनदा फिरला. अळीपाशी थांबला, तिला नखाने टोकरलं आणि पुढे सरकला. पप्पा त्याच्या मागोमाग.

"वा!" तो म्हणाला. "इतकी कोरी गाडी मी बघितली नाही. वापरली होती ना?"

"जपून," पप्पा म्हणाले. छाती अशी फुगली होती.

त्याने मागे वळून हाक मारली, "ए, हीसुद्धा पिवळी करायची रे!"

पप्पांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. पण नाही. त्या आवारातल्या सगळ्या परत आलेल्या गाड्या एका ड्रायव्हिंग स्कूलने घेतल्या होत्या. मागच्या शेडमध्ये रांगच लागलेली, खरचटलेल्या, पोचे आलेल्या, उन्हाने उडालेल्या, आणि सगळ्यांना पिवळा रंग मारणं चाललेलं. पप्पांनी हळूच विचारलं, "ही निळीच ठेवली तर?"

"शिकाऊ लोक ठोकतात ना साहेब. लांबून दिसायला पिवळीच बरी."

रंगवणारा पुढे आला, त्याने निळ्या बॉनेटवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हिचा रंग फारच चांगला ठेवलाय राव. घासून काढायला जीव जाणार आमचा."

पप्पांनी चक्क त्याची माफी मागितली.

पण चांगल्या कामाचं फळ मिळतंच. महिन्याभरात ऑफिसने दुसरी नवी गाडी दिली. पांढरी. आणि आजोबा? ते आता दर पंधरा दिवसांनी वजीरकडे जातात. आम्ही विचारलं, आणायला येऊ का, तर फोनवर म्हणतात, "तुम्ही गाडी जपा. मला टेम्पो आहे."

हसतेस काय? हसू नकोस. मघापासून बघतेय, तू पप्पांना हसतेयस. मी त्यांच्या बाजूने आहे. कारण मला सांग, आपण दोघी आत्ता कुठे बसलोय? तुझ्या नव्या गाडीत. तुझ्याच पार्किंगमध्ये. गाडी सुरू, एसी सुरू, काचा बंद. माझ्या चपला माझ्याच मांडीवर पिशवीत आहेत, माझ्या पायाखाली वर्तमानपत्र आहे आणि मी पाय हलवला की तू "अगं" म्हणतेस. तूच म्हणालीस ना, ही काय कायमची नाही, दोन वर्षांनी विकून टाकायची, फार मेहनत नको, फक्त रंग तेवढा चांगला राहिला पाहिजे? बाहेरून पाण्याचा टँकर सांडत गेला, तर रस्ता वाळेपर्यंत थांबू म्हणालीस. पिक्चर कधीच सुरू झालाय. मध्यंतरसुद्धा झालं असेल.

बघ, परत काच पुसतेस. आतून!

बरं, नाही चिडवत. फक्त एवढंच सांग, अगदी खरं सांग. त्या फाट्यावर, हातात तो दगड, मागे आजोबा, आणि समजा टेम्पो आलाच नसता, तर तू काय केलं असतंस?